सोमवारी नेट नसतं

पेआतो: काळा डबा नाही, आई. तो नंतर. आधी खांबावरचा पांढरा खोका बघ. त्यावर किती दिवे लागलेत ते सांग.

फेतुआओ: थांब जरा, त्याच्यावरचा लेसचा रुमाल तर काढू दे.

पेआतो: राउटरवर रुमाल कशाला घातलास?

फेतुआओ: घरात चार लोक येतात-जातात. बोडका खोका बरा दिसतो का? हां. तीन दिवे आहेत. तिन्ही हिरवे.

पेआतो: तिन्ही हिरवे? मग छपरावरची डिश ठणठणीत आहे. म्हणजे गेल्या सोमवारी डिशच्या आड येतात म्हणून माणूस चढवून माडाच्या झावळ्या तोडल्या त्या उगाचच.

फेतुआओ: उगाच कशा? चार टोपल्या विणल्या मी त्यांच्या.

पेआतो: आई, किती वाजलेत तिकडे?

फेतुआओ: तुझ्या ऑकलंडात वाजलेत तेवढेच. नऊ वीस.

पेआतो: म्हणजे चाळीस मिनिटं. दहाला डॉक्टरीणबाई पडद्यावर येणार. गेल्या सोमवारी त्या वीस मिनिटं वाट बघत बसल्या आणि आपला पत्ताच नाही. आज पुन्हा तसंच झालं तर लांगीचं नाव यादीत खाली जाईल, थेट ऑगस्टात. तोवर माझ्या पोरीच्या हृदयाची झडप किती...

फेतुआओ: ते मला नको सांगूस. ती निजते तेव्हा तिची छाती कशी उडते ते मी बघते, तू नाही.

पेआतो: हो. चुकलं माझं.

फेतुआओ: नर्सबाई येऊन बसल्यात केव्हाच्या. इस्पितळातून सहाला निघाल्या म्हणे, बेटाच्या त्या टोकाहून. ते हृदयाचं चित्र काढायचं यंत्र मांडीवर धरून चटईवर बसल्यात, कोको पितायत. आणि तुझी लेक त्यांना मांजराच्या तीन पिढ्या ऐकवतेय.

पेआतो: नर्सबाईंच्या फोनवरून नाही का जमणार?

फेतुआओ: फोनला इथं बोलण्यापुरती रेंज. चित्र म्हटलं की नुसतं गोल गोल फिरत बसतं. अख्ख्या गावात नेट आहे ते आपल्याच छपरावर. तुझ्या मामाची ऐट आहे ती.

पेआतो: बरं, टॅब घे हातात. डॉक्टरांची ती लिंक दाबली की काय येतं?

फेतुआओ: पांढरं पान. खाली लिहिलंय की हे ठिकाण सापडत नाही.

पेआतो: सापडत नाही. चालत नाही असं नाही, सापडत नाही. हे महत्त्वाचं आहे. आणि गेल्या सोमवारीही हेच आलं होतं?

फेतुआओ: हेच. सोमवारी हेच येतं.

पेआतो: सोमवारी म्हणजे?

फेतुआओ: सोमवारी नेट नसतं ना. सगळ्यांना ठाऊक आहे.

पेआतो: दर सोमवारी? आणि हे मला आज सांगतेस? आई, मी इथं लोकांच्या घरी नेट बसवून पोट भरतो. आत्ता एका गिऱ्हाइकाच्या दारात गाडीत बसून तुझ्याशी बोलतोय. ती बाई खिडकीतून बघतेय माझ्याकडे. आणि माझ्याच घरचं नेट दर सोमवारी बंद पडतं, हे मला माहीत नाही.

फेतुआओ: तू विचारलंस कधी? आम्हाला वाटलं नेटची तऱ्हाच असेल. बोट मंगळवारी येत नाही, डॉक्टर शुक्रवारी येत नाही, नेट सोमवारी येत नाही. आणि सोमवारी असतो कोण घरी? माझी महिला समिती, पोरांची शाळा. कुणाचं काही अडत नव्हतं.

पेआतो: कधीपासून?

फेतुआओ: ऑक्टोबरापासून. पोरांच्या रविवारच्या सणाला आपल्या नात्यातला सोलो पलीकडच्या बेटावरून, पागोहून आला होता ना, तो काळा डबा घेऊन. तेव्हापासून.

पेआतो: आता माझ्या ध्यानात येतंय. हा डिशचा दोष नाही, त्या डब्याचा आहे. ऐक, थोडक्यात सांगतो. आपल्या गावात घरांना नंबर आहेत का?

फेतुआओ: कशाला हवेत?

पेआतो: मग परका माणूस आला की घर कसं शोधतो?

फेतुआओ: दुकानात विचारतो.

पेआतो: तेच. टॅबला डॉक्टरांचं नाव कळतं, पत्ता कळत नाही. तो जाऊन डब्याला विचारतो. डबा पत्ता सांगतो, मग टॅब निघतो. त्या डब्याला डीएनएस सर्व्हर म्हणतात. तो आपला दुकानदार. आणि आज दुकानदारानं तोंड मिटून घेतलंय. रस्ता मोकळा आहे, पण जायचं कुठं ते सांगायला कुणी नाही.

फेतुआओ: मग दुसऱ्या दुकानात विचारा.

पेआतो: शाब्बास. तेच करणार आहोत. सेटिंग्ज उघड. वायफाय. आपल्या वायफायच्या नावापुढं छोटं चाक आहे, ते दाब. खाली डीएनएस असं दिसेल.

फेतुआओ: दिसलं. इथं एक नऊ दोन असं काहीतरी लांबलचक लिहिलंय, शेवटी दोन.

पेआतो: तो आपला काळा डबा. ते खोडून टाक. एक टिंब एक टिंब एक टिंब एक, असं लिही.

फेतुआओ: चार एक?

पेआतो: चार एक, मधे टिंबं. तो जगभरचा दुकानदार आहे, सगळ्यांना सांगतो. लिहिलंस? आता जतन कर. आता डॉक्टरांची लिंक.

फेतुआओ: पांढरं पान.

पेआतो: पुन्हा दाब.

फेतुआओ: दाबलं. पांढरंच आहे. पेआतो, नऊ सत्तावीस झाले.

पेआतो: सोलो मोठा पक्का. त्यानं दुसऱ्या दुकानाचा रस्ताच बंद करून ठेवलाय. म्हणजे पोरांनी असली युक्ती करू नये म्हणून. सगळ्यांनी त्याच डब्याला विचारायचं, नाहीतर घरी बसायचं. डब्याची वायर काढून बघितलीस?

फेतुआओ: गेल्या सोमवारी काढून, पुसून, परत लावली. प्रार्थनाही केली.

पेआतो: बरं, हे सांग. शेवटचं नीट कधी चाललं?

फेतुआओ: नर्सबाई, अजून कोको घालू का?

पेआतो: आई? शनिवारी चालत होतं का?

फेतुआओ: शनिवारी होतं.

पेआतो: काल रविवार. रविवारी बंदच असणार, डबा बसवला तो त्यासाठीच. मामांनी हौसेनं बसवून घेतला. रविवारी घरात फक्त बायबल आणि चर्चचं पान उघडेल, बाकी सगळं बंद. म्हणजे शनिवार रात्र ते...

फेतुआओ: काल चालू होतं.

पेआतो: काय?

फेतुआओ: जरा थांब, मागच्या चुलीकडे येते. नर्सबाईंना ऐकू जाईल. हं. काल चालू होतं.

पेआतो: रविवारी? तुला कसं कळलं?

फेतुआओ: जेवणं झाली की सगळे आडवे होतात. लांगीही निजते. मला झोप येत नाही, तुझे वडील गेल्यापासून दुपारी डोळा लागतच नाही. नोव्हेंबरात एकदा सहज टॅब हातात घेतला, बायबल वाचायला. बोट कुठंतरी लागलं आणि एक फिलिपिनो मालिका सुरू झाली. सून आणि सासू, दोघी एकाच माणसाला... ते जाऊ दे. तेव्हापासून दर रविवारी बघत आले. दोन-दोन भाग. काल मात्र नुसतं उघडून मिटलं.

पेआतो: तू? समितीची अध्यक्ष?

फेतुआओ: हसू नकोस.

पेआतो: हसत नाही.

फेतुआओ: हसतोयस. डिसेंबरात त्या खालच्या घरच्या पोरीला मी स्वतः दंड लावला, रविवारी गाणी लावली म्हणून. मासळीच्या डब्यांचं एक खोकं आणायला लावलं तिला. आणि त्याच दुपारी मी इथं भाग बारा बघत होते.

पेआतो: आई, हे पाप-बिप नंतर बघू. घड्याळ...

फेतुआओ: नाही, तू ऐक. मी रविवारी बघते आणि सोमवारी नेट मरतं. दर वेळी. तुला यातलं काही कळत नाही का? दोन आठवडे मी मन घट्ट करून नाही बघितलं. तरी सोमवारी मेलंच. मी म्हटलं, अजून माफी झालेली नाही. आणि मग गेल्या सोमवारी डॉक्टर. माझ्या घटकाभराच्या चैनीसाठी पोरीचा नंबर गेला. तुला फोनवर मी झावळ्या झावळ्या म्हणत राहिले, पण मला ठाऊक होतं कशामुळे ते.

पेआतो: आठवडाभर हे मनात घेऊन फिरतेयस?

फेतुआओ: दुसरं कुणाला सांगणार? तुझ्या मामाला?

पेआतो: आई, देव राउटरमध्ये हात घालत नाही. हे कुणीतरी माणसानं केलेलं आहे आणि तो माणूस सोलो आहे. त्याला फोन लाव.

फेतुआओ: सकाळपासून तीनदा लावला. उचलत नाही.

पेआतो: सोमवारी सकाळी साडेनऊला कुठं गेला?

फेतुआओ: चर्चमध्ये असेल.

पेआतो: सोमवारी?

फेतुआओ: आपला सोमवार. पागोत आज रविवार नाही का.

पेआतो: आज रविवार. पागोत आज...

फेतुआओ: पेआतो? गेला का फोन?

पेआतो: नाही. आहे. आई, तो डबा कुठून आला म्हणालीस?

फेतुआओ: पागोहून. सोलोनं तिथंच सगळं जुळवून आणला. इथं येऊन नुसती वायर लावली, जेवला, झोपला.

पेआतो: त्यावर वेळ दिसते का कुठं?

फेतुआओ: समोर दिसते ना, छोट्या आकड्यांत. नऊ एकतीस. अगदी बरोबर आहे, चर्चच्या घड्याळापेक्षा बरोबर.

पेआतो: बरोबरच असणार. पागोत आत्ता नऊ एकतीसच झालेत. पण रविवारचे.

फेतुआओ: म्हणजे?

पेआतो: तारीखरेषेच्या या बाजूला यायला आपल्या सरकारनं तो एक शुक्रवार गाळून टाकला, आठवतं? तेव्हापासून पागो आपल्याहून बरोबर एक दिवस मागं आहे. घड्याळ तेच, वार वेगळा. तुझा डबा अजून पागोतच राहतो, आई. तुमचा रविवार त्याला शनिवार वाटतो, म्हणून सगळं खुलं. तुमचा सोमवार उजाडला की त्याचा रविवार सुरू होतो आणि तो दुकान बंद करून चर्चला जातो.

फेतुआओ: म्हणजे माझ्यामुळे नाही?

पेआतो: तुझ्यामुळे नाही.

फेतुआओ: मालिकेमुळे नाही.

पेआतो: तू शंभर भाग बघितले असतेस तरी सोमवारी बंदच राहिलं असतं. आणि एकही बघितला नसतास तरी बंदच.

फेतुआओ: पुन्हा सांग.

पेआतो: आई, तुझ्यामुळे नाही. आता रडू नकोस, वेळ नाही. रडत रडत टॅब उघड. वर पत्ता लिहायच्या जागी तो लांबलचक आकडा लिही, एक नऊ दोन टिंब एक सहा आठ टिंब एक टिंब दोन. नावाची गरज नाही, आकडा आपल्याला माहीत आहे.

फेतुआओ: उघडलं. पासवर्ड मागतोय.

पेआतो: तो कुणाकडे आहे?

फेतुआओ: तुझ्या मामाकडे. सोलोनं फक्त त्यांना सांगितलाय. पोरांच्या हाती लागू नये म्हणून ते तो कुणालाच सांगत नाहीत.

पेआतो: मामा कुठं आहेत?

फेतुआओ: समोर सभाघरात. गावाची सभा बसलीय.

पेआतो: जा.

फेतुआओ: सभेत? सगळे मताई, गावचे प्रमुख बसलेत, आवाचं पेय वाटायचं चाललंय. मधेच कशी जाऊ?

पेआतो: तू त्यांची थोरली बहीण आहेस. तुझ्या शब्दासाठी ते सभेतून उठतील. आपल्याकडे दुसऱ्या कुणासाठी नाही उठणार. जा, फोन चालू ठेव.

फेतुआओ: निघाले. नर्सबाई, आलेच हं, लांगीला बसवून ठेवा. पेआतो, त्यांना खरं सांगावं लागेल.

पेआतो: थोडं आडवळणानं सांग.

फेतुआओ: वेळ आहे का आडवळणाला? मैदान ओलांडेपर्यंत मला धाप लागतेय. आले. लेआसी. लेआसी, जरा बाहेर ये.

लेआसी: ताई. काय झालं? पोरीला काही...

फेतुआओ: पोर बरी आहे. डब्याचा पासवर्ड हवाय. आत्ता. फोनवर पेआतो आहे.

लेआसी: ताई, तो पासवर्ड मी कुणालाही देणार नाही, असं याच सभाघरात उभं राहून बोललोय. आमच्या घरात नेटसुद्धा रविवार पाळतं, असं मी म्हटलं होतं. लोकांनी मान डोलावली होती.

पेआतो: मामा, पाया पडतो. डब्याचा वार चुकलाय. त्याला आज रविवार वाटतोय, म्हणून डॉक्टर लागत नाहीत. वार बदलला की झालं.

लेआसी: वार चुकलाय हे तुला ऑकलंडात बसून कसं समजलं?

फेतुआओ: मी सांगते. काल चालू होतं म्हणून समजलं. काल, आणि त्याच्या आधीचे सगळे रविवार. मी बघत होते. मालिका. तुझ्या घरात, तुझ्या डब्यातून. आता तुला जे बोलायचं ते बोल, पण पासवर्ड दे. नऊ चाळीस झालेत.

लेआसी: ताई, हळू. आत सगळे ऐकतायत.

फेतुआओ: लेआसी.

लेआसी: चल. बाकीचं नंतर.

पेआतो: मामा, नुसतं सांगितलंत तरी...

लेआसी: मी स्वतः टंकणार. चपला घे ताई, अशी अनवाणी कशी आलीस, इथं फुटके शिंपले पसरलेत.

फेतुआओ: चपला कुठं सुचतायत मला.

लेआसी: माझ्या घाल.

पेआतो: नऊ त्रेचाळीस.

लेआसी: पोहोचलो. नर्सबाई, उठू नका. टॅब इकडे. एसोतो. वीस. आठ.

पेआतो: बायबलातली, दहा आज्ञांतली रविवार पाळायची आज्ञा? मामा, हा पासवर्ड मी पहिल्या खेपेला ओळखला असता.

लेआसी: ओळखला नाहीस.

पेआतो: बरं. आत गेलात? वर उजवीकडे काय लिहिलंय?

लेआसी: रविवार. नऊ चव्वेचाळीस.

फेतुआओ: रविवार. बघितलंस? लिहिलंय तिथं. ढळढळीत लिहिलंय.

पेआतो: खाली सेटिंग्ज. त्यात वेळ. त्यात विभाग. पागो पागो असेल.

लेआसी: आहे.

पेआतो: त्यावर दाबा. मोठी यादी येईल. आपली राजधानी, आपिया शोधा.

लेआसी: इथं जगातली सगळी गावं दिसतायत. ही काय, ऑकलंड. हे होनोलुलू. आपिया कुठं गेलं?

पेआतो: वर, अगदी वर. पहिल्या अक्षराशी.

फेतुआओ: हे बघ, तुझ्या अंगठ्याखाली आहे. अंगठा उचल.

लेआसी: आपिया. दाबलं. जतन केलं. आता काय म्हणतोय, पुन्हा सुरू करू का.

पेआतो: करा. दोन मिनिटं लागतील. दिवा विझेल, मग लुकलुकेल, मग स्थिर होईल. तोवर टॅबमधले चार एक काढून टाका, होतं तसं आपोआपवर ठेवा. आता डबाच पत्ता सांगेल.

फेतुआओ: विझला.

पेआतो: विझू दे.

फेतुआओ: लुकलुकतोय.

लेआसी: ताई, तो लुकलुकतोय ते आम्हालाही दिसतंय.

फेतुआओ: तुम्हाला दिसतंय, पेआतोला दिसत नाही. त्याच्यासाठी सांगतेय. थांबला. स्थिर. सोमवार. लिहून आलं रे, सोमवार.

पेआतो: डॉक्टरांची लिंक.

फेतुआओ: दाबली. पांढरं... नाही. निळं आहे. निळं पान आलंय. तुमची वेळ दहा वाजता, प्रतीक्षा करा, असं लिहिलंय. लांगीचं नाव आलंय वर.

पेआतो: आलं?

फेतुआओ: पूर्ण नाव आलंय. तुझ्या नावासकट.

पेआतो: बरं. बरं. आता फोन ठेव, नर्सबाईंना टॅब दे. लांगीला सांग, यंत्र गार लागतं, पण दुखत नाही. आणि झाल्या झाल्या मला कर. मी काही करत नाहीये, इथंच बसलोय.

(तासाभरानं. तोच फोन.)

फेतुआओ: उचलायला एवढा वेळ?

पेआतो: एका झटक्यात उचललाय, आई. बोल.

फेतुआओ: आधी चांगलं सांगते. झडप बदलायची नाही. त्याच झडपेला टाके घालून दुरुस्त करता येईल, असं डॉक्टरीणबाई दोनदा म्हणाल्या. मी दोनदा विचारलं म्हणून दोनदा. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ऑकलंडला आणा म्हणाल्या. विमानात बसायला हरकत नाही.

पेआतो: आणि वाईट?

फेतुआओ: वाईट काही नाही. मी फक्त म्हटलं, आधी चांगलं सांगते.

पेआतो: आई, असं नको करत जाऊस माझ्याशी.

फेतुआओ: रडतोयस?

पेआतो: हो, रडतोय. ती गिऱ्हाईक बाई बाहेर आली होती, म्हटली सगळं ठीक आहे ना. मी म्हटलं माझी पोर येतेय. तिला वाटलं बायको बाळंत होतेय. चहा देऊन गेली.

फेतुआओ: घे चहा. दोन वर्षं इथं राहिलेली पोर तुझ्या घरी येणार, तिला आता काय काय आवडतं ते तुझ्या बायकोला लिहून पाठवते. अंडं नुसतं उकडलेलं खात नाही. आणि डॉक्टरांना म्हणाली, मांजर आणता येईल का.

पेआतो: मामा आहेत का तिथं?

लेआसी: आहे. सभेत परत गेलो नाही.

पेआतो: मामा, तुमचे उपकार झाले. एक सांगायला हवं. आता वार बरोबर लागलाय, म्हणजे येत्या रविवारपासून सगळं खरोखर बंद होणार. तुम्ही म्हणाल तर ते रविवारचं काढून टाकतो. दोन मिनिटांचं काम.

लेआसी: काढायचं नाही. मी सभेत शब्द दिलाय. चार महिने तो खोटा होता, आता खरा झाला.

फेतुआओ: तसंच राहू दे, पेआतो. आणि मी समितीत उभी राहून सांगणार आहे. मासळीचं एक खोकं माझ्याकडूनही जाईल. त्या पोरीला मी दंड लावला, तर मला कोण सोडणार?

लेआसी: दोन खोकी जातील. एक माझं.

फेतुआओ: तुझं कशाला? तुला काही ठाऊक नव्हतं.

लेआसी: ताई, आपली घरं बिनभिंतींची. मी त्या कडेला डोळे मिटून पडतो, झोपत नाही. नोव्हेंबरात एका रविवारी तू हसलीस. तोंडावर हात धरून, पण हसलीस. भावजी गेल्यापासून दीड वर्षात मी ते ऐकलं नव्हतं. मला वाटलं, डबा बिघडलेला दिसतोय. सोलोला सांगून नीट करून घ्यायला हवा. पुढच्या रविवारी पुन्हा हसलीस. मग मी सोलोला काही सांगितलं नाही.

फेतुआओ: तू ऐकत होतास? दर रविवारी?

लेआसी: त्या सासूचं काय झालं तेही मला साधारण माहीत आहे.

पेआतो: मामा, तुम्ही तर...

लेआसी: तू गप्प बस. हसण्याची गोष्ट नाही. मी तेव्हाच बोललो असतो तर डब्याचा घोळ नोव्हेंबरातच उघडा पडला असता. पोरीची गेल्या सोमवारची डॉक्टरांची वेळ चुकली नसती. ती चूक ताईची नाही, माझी आहे. मी तिचं हसणं सांभाळायला गेलो आणि तिला आठवडाभर रडवलं.

फेतुआओ: मी कुठं रडले?

लेआसी: रडली नाहीस. जेवली नाहीस.

पेआतो: म्हणजे?

लेआसी: तुला सांगणार नाही ती. गेल्या सोमवारपासून सूर्य मावळेपर्यंत पाण्याशिवाय काही घेत नाही. मला म्हणाली, पोट बिघडलंय. मी म्हटलं बिघडलं असेल. आज सभाघरासमोर खांबाला धरून उभी राहिलीस, तेव्हा कुठं मला उमगलं.

पेआतो: आई. आठ दिवस?

फेतुआओ: सात. मला वाटलं, देवाला राग आलाय तर आधी माझ्याकडून काहीतरी घेऊ दे. पोरीकडून नको.

लेआसी: देवाला राग यायचाच असता तर माझ्यावर यायला हवा होता. लोकांसमोर मोठ्या गोष्टी मी सांगितल्या.

फेतुआओ: कुणावरच नव्हता म्हणे. पेआतो म्हणतो, नुसता वार चुकला होता.

पेआतो: नुसता वार चुकला होता, आई.

फेतुआओ: मला अजून नीट पटत नाहीये. पण छातीवरचं ओझं उतरलंय हे खरं. इतकं हलकं वाटतंय की चक्कर येईल.

लेआसी: ती भुकेनं येतेय. इथं बस, खांबाला टेक.

फेतुआओ: नर्सबाईंना आधी वाढायला हवं. त्या सहाला निघाल्यात. आणि लांगीनंही...

लेआसी: नर्सबाई नि लांगी मांजर बघायला गेल्यात. नारळाच्या दुधातली कालची पालुसामी उरलीय, उकडलेला तारोचा कंद आहे. चूल पेटती आहे.

फेतुआओ: तुला चुलीतलं काय कळतं? मताई झाल्यापासून तू कधी भांड्याला हात लावलायस?

लेआसी: बस, ताई. आज मी वाढतो.